रातपाळीची मम्मी

अंथरूण ओलं करणारं लेकरू घरात असलं की ज्याला त्याला वैद्यकी सुचते. खालच्या मजल्यावरचा दुकानदार म्हणाला, सहानंतर पाणी बंद करा. कुणी तीळ-गूळ सांगितला, कुणी ताईत आणून दिला, कुणी उशाखाली चाकू ठेवायला लावला. सुवर्णाने सगळं केलं, एक सोडलं नाही. गायत्री आठ वर्षांची झाली, दुसरीतून तिसरीत गेली, तरी रोज पहाटे गोधडी ओलीच. पोरगी बिचारी उठायची तीच मुळी मान खाली घालून.

मग हिंगोलीहून सासूबाईंचा फोन आला. त्या घरात फोन नेहमी गायत्रीच घ्यायची आणि आजी काय म्हणते ते आईबापाला मोठ्याने सांगायची. त्या दिवशीही तिने इमानेइतबारे सांगितलं, "आजी म्हणते पाडव्याला गावी या. बेंबीखाली डाग देऊ म्हणते. डाग म्हणजे काय, मम्मी?"

डाग म्हणजे लाल केलेली लोखंडी सळई. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या हाताला गुण होता म्हणे. सुवर्णाच्या नवऱ्याने, बळीरामने, हो म्हणून टाकलं. माणूस वाईट नव्हता हो, पण आईचा शब्द पडला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आजार रेड्याला अन् डाग पखालीला, असं सुवर्णाने त्याला तोंडावर सुनावलं. तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला. पाडव्याला महिना राहिला होता.

सुवर्णाने अर्ध्या दिवसाची सुट्टी मारली आणि पोरीला घेऊन ट्रस्टचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरबेन तरुण होत्या, भराभर बोलायच्या. पोरगी आळशी नाही, हट्टी नाही, म्हणाल्या. ती फार गाढ झोपते आणि लघवीची पिशवी भरल्याचा निरोप तिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. त्यांनी एक डबी दिली, काडेपेटीएवढी. तिला वायर, वायरीला चिमटा. चिमटा चड्डीला लावायचा, डबी खांद्याजवळ. पहिला थेंब पडला की घंटी वाजते.

"पण ही घंटी सध्या पोरीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे," डॉक्टरबेन म्हणाल्या. "पोरगी तिच्याने उठणार नाही. तू उठायचं, तिला जागं करायचं, उचलून नाही, तिच्या पायांनी चालवत न्यायचं. चौदा सकाळी लागोपाठ कोरड्या गेल्या की घंटी परत आणून दे. तुला नीट ऐकू येतं ना?"

"हो तर," सुवर्णा म्हणाली.

धडधडीत खोटं. सहा वर्षं ती कापडाच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरायच्या मशीनवर उभी होती. मशीनच्या खडखडाटात तिथं कुणी बोलत नाही. बोटांनी खुणा करतात, ओठ वाचतात. कान कधी गेले ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग पक्षी गेले, मग फोन गेला. ओठ दिसले की काम भागायचं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. कारखान्यात कळलं तर घरी बसवतील आणि नवऱ्याला कळलं तर त्याच्या आईला कळेल, या भीतीने ती गप्प होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवशी दवाखान्यात तिने मूठ उघडायला हवी होती.

पर्वत पाटिया नावाच्या वस्तीपलीकडे एका चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. गॅलरीत सहा खोल्या, टोकाला दोन संडास, त्यांच्यापुढे जिना, आणि खाली चौकात जमिनीतली पाण्याची टाकी. बळीरामने कापड विणायच्या लूमवर कायमची रातपाळी मागून घेतली होती, म्हणजे सुवर्णा सकाळी आठला कामावर गेली की दिवसा पोरीपाशी कुणीतरी असावं. बाकीच्या खोल्यांत दर पंधरवड्याला पाळी बदलायची. मशीन एक, कारीगर दोन; सातला एक हटतो, दुसरा उभा राहतो, मशीन काही थांबत नाही. पंधरा दिवस झाले की दिवसाचा रात्री आणि रात्रीचा दिवसा.

घरी आल्यावर सुवर्णाने चिमटा पाण्यात बुडवून बघितला. डबीवरचा लाल दिवा लागला. गायत्रीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती ओरडली, "केवढ्यानं वाजतं गं, मम्मी!" सुवर्णाला काहीही ऐकू आलं नाही. डबी कानाला लावली तरी नाही.

जागं राहू, तिने ठरवलं. बारा तास उभं राहून आलेलं माणूस किती जागं राहणार? तीन रात्री ती भिंतीला टेकून बसली आणि तिन्ही रात्री बसल्या जागी झोपली. तिन्ही सकाळी गोधडी ओली. चौथ्या दिवशी पाण्याच्या रांगेत शेजारच्या सुमनकाकूंनी तिचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं. "काय गं, तुमच्याकडं रात्रभर काय वाजतंय ते? उठून बंद तरी करावं माणसानं!" सुवर्णा मोबाइलचं काहीतरी पुटपुटली आणि कळशी घेऊन निघून आली.

त्या रात्री तिने देवापुढे हात जोडले आणि आडवी झाली. आता होईल ते होईल.

सकाळी गोधडी कोरडी होती.

तिने हात फिरवला, उलटा करून फिरवला, नाक लावून हुंगलं. कोरडी ठणठणीत! घंटी खुंटीला टांगलेली, वायर गुंडाळून. गायत्री उठली ती हसतच. "मम्मी, तू नेलंस ना मला. मी झाले की नाही शहाणी?"

सुवर्णाला वाटलं, आपणच झोपेत उठलो असू. आईला काय, झोपेतही कळतं. तिने पोरीचा मुका घेतला आणि बळीरामला ऐटीत सांगितलं की आपण उठलो. दुसरी सकाळ कोरडी. तिसरी कोरडी. तिने भिंतीवर खडूच्या रेघा मारायला घेतल्या. सातव्या रेघेपर्यंत तिचा आनंद गगनात मावत नव्हता.

आठव्या सकाळी तिला दाराची कडी उघडी दिसली. कडी आतून असते आणि गायत्रीचा हात तिथवर पोचत नाही. उंबऱ्यापासून गोधडीपर्यंत ओली पावलं होती, वाळत आलेली. गायत्रीची लहान, आणि त्यांच्या शेजारी मोठी, बाईमाणसाची. सुवर्णाने आपलं पाऊल त्यावर ठेवून बघितलं. तिचं पाऊल मोठं होतं. मग तिने झोपलेल्या पोरीचा उजवा हात उचलला. एका बोटाला सुरकुत्या पडल्या होत्या, तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवल्यासारख्या. बाकीची चार बोटं चांगली होती.

"गायत्री, रात्री तुला कोण नेतं गं?"

"मम्मी."

"मी?"

पोरगी तिच्याकडे बघतच राहिली, एवढं साधं कसं कळत नाही म्हणून. "तू तर दिवसपाळीची. रातपाळीची मम्मी नेते ना. माझं बोट धरून. ती बोलत नाही काही. तिचा हात किती गार असतो!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "घंटी वाजली की ती लगेच येते. तू येत नाहीस."

सुवर्णाला भीती वाटलीच, पण ते शेवटचं वाक्य जास्त लागलं, खोटं कशाला सांगा. ती तशीच उठून सुमनकाकूंच्या दारात गेली.

सुमनकाकू त्या चाळीत सगळ्यांत जुन्या. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि सुवर्णाच्या समोर बसल्या, दिव्याकडे तोंड करून. त्यांना तिच्या कानांचं कळलं होतं, हे सुवर्णाला तेव्हा कळलं.

"तुझ्या खोलीत आधी ज्योती राहायची," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखीच बॉबिनवर. नवरा लांब इच्छापोरला कामाला, आठवड्याने यायचा. पाच वर्षांची पोर होती तिला. तेव्हा संडास खाली होते, टाकीजवळ. पोर रात्री एकटी उठून गेली. टाकीचं झाकण सरकलेलं. पडली बाई आत. हाका मारत होती, मम्मी, मम्मी. बराच वेळ मारत होती." सुमनकाकूंनी पदराने तोंड पुसलं. "ज्योतीला ऐकू नाही आलं. कान गेले होते तिचे, अन् कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. चौथ्या दिवशी तीही गेली. त्याच टाकीत."

"तुम्हांला कसं माहीत, पोर हाका मारत होती ते?" सुवर्णाने विचारलं.

सुमनकाकूंचे ओठ हलले. "मला ऐकू येत होतं. सगळ्या गॅलरीला ऐकू येत होतं. आम्हांला वाटलं, आई आहे ना तिची, जाईल."

आता कुणीही शहाणी बाई काय करील? घंटी फेकून देईल, खोली बदलेल. सुवर्णाने काय केलं ते सांगते, आणि तिला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. ती घरी आली आणि तिने भिंतीवर आठवी रेघ मारली. आणखी सहा सकाळी कोरड्या गेल्या की डाग टळत होता. सळईपेक्षा गार हात परवडला. येऊ दे बयेला सहा रात्री, तिने मनाशी म्हटलं, ती काही पोरीला खात नाही. कारखान्यात नाही का, आपल्याला बरं नसलं तर दुसरी आपली पाळी भरून काढते? एवढंच नव्हे, झोपताना ती दाराशी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा ठेवू लागली. सकाळी भाकरी तशीच असायची, फक्त भिजून लगदा झालेली.

नववी, दहावी, अकरावी. गायत्री दिवसा वेगळी वागू लागली. सुवर्णाने वेणी घालायला घेतली की डोकं हलवायची, तुझा हात गरम लागतो म्हणायची. हाक मारली तर आधी दुसरीकडे बघायची, मग आईकडे. जेवताना दाराकडे तोंड करून बसायची. बाराव्या दिवशी तिने वहीत घर काढलं: पप्पा, ती, आणि दोन मम्म्या. एकीला तोंड काढलं होतं पण कान नव्हते.

"ही मी का?" सुवर्णाने विचारलं.

"हो. आणि ही रातपाळीची. हिला आत्ता दिवसा दाखवलंय, कारण परवा पंधरवडा पुरा होतो ना."

"मग?"

"मग पाळी बदलणार! ती दिवसा येणार. ती माझी वेणी घालणार, शाळेत सोडायला येणार." पोरगी रंग भरता भरता बोलत होती; सुवर्णाने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, म्हणजे ओठ नीट दिसावेत. "आणि तू रात्री. ती दिवसा झोपते तिथंच तू झोपायचं."

"कुठं झोपते ती?"

"टाकीत," गायत्री म्हणाली. "पण मम्मी, तुला तिथं सोडायचं तर मला आधी जागा बघून यावी लागेल ना. ती मला म्हणाली, चल."

"बोलत नाही म्हणाली होतीस!"

"आता बोलते."

पाळी भरून काढणारी बाई एक दिवस मशीनच घेऊन बसते, हे सुवर्णाने कारखान्यात काय कमी वेळा बघितलं होतं? बळीरामला सांगावं तर तो आधी विचारील, तू का नाही उठलीस. तेराव्या रात्री ती कशीबशी, मांडीला चिमटे काढत जागी राहिली आणि काहीही आलं नाही; पहाटे डोळा लागला आणि उठली तर गोधडी कोरडी आणि पोरीचं बोट सुरकुतलेलं.

चौदाव्या रात्री तिने घंटी लावलीच नाही. डबी पत्र्याच्या पेटीत टाकली, पेटीला कुलूप घातलं. जुन्या साडीची पट्टी फाडून एक टोक गायत्रीच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. दार लावलं, दाराला पेटी लावली आणि पोरीला कुशीत घेऊन पडली.

हाताला हिसका बसला तेव्हा ती जागी झाली. पट्टी ताणलेली होती. पेटी बाजूला सरकलेली, दार सताड उघडं, आणि गायत्री उंबऱ्याबाहेर उभी. डोळे मिटलेले. उजवा हात वर धरलेला, मोठ्या माणसाचं बोट धरतात तसा. शेजारी कुणी नव्हतं. फरशीवर मात्र एकेक ओलं पाऊल उमटत पुढे जात होतं.

सुवर्णा धावली. पट्टी सुटली होती की तुटली होती कोण जाणे. संडासाची दारं मागे पडली, पोरगी जिना उतरू लागली. "गायत्री!" सुवर्णा ओरडली. आपण किती मोठ्याने ओरडलो हेही तिला कळत नव्हतं. पोरीने मान वर केली, पण आईकडे नाही. शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे, हिला ओ देऊ का असं विचारल्यासारखी. आणि मग तशीच पुढे चालली.

चौकातल्या दिव्याखाली टाकीचं झाकण सरकवलेलं होतं. सुवर्णाने पोरीला गाठलं ते अगदी काठावर. तिने गायत्रीचा डावा हात धरून ओढलं. उजवीकडून कुणीतरी ओढत होतं, आणि त्या ओढीत राग नव्हता. घरी न्यायची ओढ होती ती. म्हणूनच सुटत नव्हती. गायत्री मध्ये ताणली गेली, तिचं तोंड वेडंवाकडं झालं, ती रडत होती आणि सुवर्णाला तिचं रडणं ऐकू येत नव्हतं.

"ज्योती," सुवर्णा म्हणाली. "बाई, तुझे उपकार आहेत माझ्यावर. तेरा रात्री तू माझं लेकरू सांभाळलंस, मी झोपा काढल्या. माझे कान गेलेत गं. तुझेही गेले होते. पण ऐक, ऐक जरा." तिला काय बोलावं सुचेना, आणि मग एकदम सुचलं. "तुझी पोर हाक मारतेय तुला. आतून. मम्मी, मम्मी म्हणतेय. मला ऐकू येतंय!"

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं ती लोकांना ऐकू येतं म्हणून फसवत आली होती, तसंच आताही फसवलं. मेलेल्या बाईला, तिच्या मेलेल्या पोरीवरून. पण आपलं लेकरू काठावर उभं असताना कुणाला लाज वाटते?

ओढ थांबली. गायत्रीचा उजवा हात धपकन खाली पडला. टाकीतलं काळं पाणी हललं, काठापर्यंत आलं आणि पुन्हा खाली बसलं.

सुवर्णाने पोरीला छातीशी धरलं. गायत्रीने आता डोळे उघडले होते. ती टाकीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. सुवर्णाने तिचं तोंड दिव्याकडे वळवलं.

"मम्मी," गायत्री म्हणत होती, "खरंच कुणीतरी हाक मारत होतं. आता बंद झाली."

सुवर्णाने झाकण लोटलं, दोन विटा ठेवल्या आणि पोरीला घेऊन वर आली.

पहाटे तिला जाग आली ती कुशीखाली ऊब पसरल्याने. गोधडी ओली, सतरंजी ओली, तिची साडीसुद्धा ओली. मुताचा चांगला सणसणीत वास येत होता. सुवर्णाने पोरीची बोटं एकेक करून बघितली; सगळी सारखी होती. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

साडेसातला बळीराम आला. ओली गोधडी बघून त्याचं डोकं फिरलं. "तेरा दिवस चांगले गेले आणि आज पुन्हा? बास झालं आता. पाडव्याला—"

"पाडव्याला कुठं जायचं नाही," सुवर्णा म्हणाली. "डाग द्यायचा तर मला द्या. पोरगी चांगली आहे. बहिरी मी आहे. घंटी वाजली तरी मला ऐकू येत नाही. एकदाही ऐकू आली नाही."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "काय?"

"मला ऐकू येत नाही!" ती एवढ्याने ओरडली की सगळी गॅलरी दारात आली.

बळीराम खाली बसला. त्याने तिच्या ओठांवरची नजर अजून काढली नव्हती, आणि तो कायमच आपल्याशी बोलताना असा ओठांकडे बघतो, हे सुवर्णाला आत्ता जाणवलं. "मला पण," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. सांगितलं नाही."

दोघांच्या मध्ये गायत्री ओल्या चड्डीत उभी होती, एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत. या पोरीने या घरात कितीदा हाक मारली असेल, आणि ऐकायला कोण होतं?

दारात सुमनकाकू उभ्या होत्या. काखेत सतरंजी आणि उशी, सकाळच्या प्रहरी. त्या आत आल्या, सुवर्णाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि तोंड उजेडाकडे करून सावकाश बोलल्या.

"आजपासून मी इथं झोपते. घंटी लाव. वाजली की तुला हलवून उठवीन, मग तू ने तिला. या वेळी उठीन मी."

सुवर्णाने त्यांच्या काखेतली सतरंजी घेतली आणि गायत्रीच्या शेजारी अंथरली.